काळ्या माशाची नेमणूक

आमच्या घरी मासे आले ते हौसेने नाही, भांडणाने आले.

शांती नगरमध्ये आमच्या समोरच्या दारात एक गुजराती जोडपं राहतं. भाईंचं कपड्यांचं दुकान होतं, ते चालेना. मग त्यांना कोणीतरी वास्तूचा सल्ला दिला की ईशान्येला माशांची टाकी ठेवा, त्यात केशरी मासे सोडा आणि एक काळा. केशरी मासे पैसा आणतात. काळ्याचं काम वेगळं. घरावर येणारी पीडा त्याने अंगावर घ्यायची आणि मरायचं. तो मेला की पेढे वाटायचे आणि नवा काळा आणायचा. दुकान तरीही बंद पडलं. टाकी जिन्यात आली, पाण्यासकट, माशांसकट, भंगारवाल्याची वाट बघत. बाबांनी ती उचलून आमच्या घरात आणली आणि त्याच आठवड्यात पत्रक काढलं.

बाबा भाईंदर पूर्वेच्या स्टीलच्या गाळ्यांमध्ये भांडी पॉलिश करायचे आणि पुढे त्याच कामगारांची युनियन चालवायला लागले. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मी अक्षरं ओळखायला शिकले ती ‘कामगार बंधूंनो’ या दोन शब्दांवर. माशांच्या पत्रकाचं शीर्षक होतं ‘काळ्या माशाची नेमणूक कोणी केली?’ आत लिहिलं होतं: ‘मरण्याचं काम ज्याच्या वाट्याला येतं तो नेहमी काळाच का असतो, हे या इमारतीने एकदा स्वतःला विचारावं. हा मासा आमच्या घरी मरण्यासाठी राहणार नाही. तो जगण्यासाठी राहील.’ विंगमधल्या प्रत्येक दाराखालून ते आत गेलं. भाईंच्याही.

पत्रकात लिहिलं म्हणजे ते पाळायला हवं. बाबांनी माशांचा अभ्यास केला तो मालकाच्या वकिलाशी वाद घालायचा असल्यासारखा. पूर्वीच्या सोबत्यांकडून त्यांनी एक स्टीलचा डबा बनवून घेतला. तो टाकीच्या वर बसवला. छोटी मोटार पाणी उचलून डब्यात सोडायची, डब्यातला स्पंज आणि मातीच्या नळ्या यांतून गाळून ते परत खाली पडायचं. माझी समजूत होती की स्पंजात घाण अडकते आणि पाणी स्वच्छ होतं. बाबा म्हणाले, “घाण दिसते ती महत्त्वाची नाही. मासे लघवी करतात, श्वास सोडतात, त्याचा अमोनिया होतो. तो दिसत नाही, आणि तोच मारतो. या स्पंजावर जंतू बसलेत, ते अमोनिया खातात. त्यांना वाहतं पाणी आणि हवा लागते. पाणी थांबलं की ते मरतात, मग मासे मरतात.” मग त्यांनी स्पंज माझ्या नाकाशी धरला. “वास घे. माठासारखा येतो ना? म्हणजे जिवंत आहे. कुजका आला तर सगळं संपलं.”

काळा मासा वाढला. बटणासारख्या बाहेर आलेल्या डोळ्यांचा, मखमली, तळहाताएवढा. भाई कधीमधी बघायला यायचे. त्यांच्या मनगटात सांधेदुखीसाठी घातलेलं तांब्याचं कडं होतं. एकदा त्यांनी कौतुकाने पाण्यात हात घातला, तर बाबांनी तो मनगटाला धरून बाहेर ओढला. “हे कडं काढून ठेवा आधी! असली थेरं माझ्या टाकीत नकोत.” भाईंचा चेहरा उतरला. ते गेल्यावर आई म्हणाली, “कड्यावर श्रद्धा असली म्हणून काय हात पिरगाळायचा माणसाचा?” मला मात्र बाबांचा अभिमान वाटला. आम्हा दोघींनाही एकच अर्थ लागला होता, की हा राग अंधश्रद्धेवरचा आहे. बाबांनी खुलासा केला नाही. ते सहसा करत नसत.

मग बाबांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द शिल्लक राहिला, ‘नाही’. जन्मभर ज्या शब्दावर माणूस उभा होता तेवढाच त्याच्याकडे ठेवला गेला, आणि तो आता पाणी हवं असलं तरी निघायचा, लघवीला लागली तरी निघायचा.

इमारतीला अर्थ लावायला वेळ लागला नाही. भेटायला आलेल्या समोरच्या बेन पलंगाऐवजी टाकीकडे बघत म्हणाल्या, “भाभी, इस काली को मरने नहीं दिया ना, इसलिए सब भाईसाब के ऊपर आया. कितनी मोटी हो गई है देखो. सब खाती है, पीडा नहीं खाती.” बाबा ऐकत होते. त्यांना ऐकू येत नाही असं ज्यांना वाटतं ते त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, आणि ज्यांना ऐकू येतं हे माहीत आहे ते असं बोलतात.

आईबद्दल लिहायला हवं. लग्नात तिने देव आणले होते, बाबांनी ते माळ्यावर चढवले. तिच्या माहेरच्या गौरीचे मुखवटे त्यांनी युनियनच्या पथनाट्याला दिले. गौरीचा मुखवटा लावून एक पोऱ्या मालकाच्या बायकोचं काम करायचा, लोक पोट धरून हसायचे आणि आई प्रेक्षकांत पहिल्या रांगेत बसलेली असायची, कारण अध्यक्षांची बायको. मी लहानपणी खूप हसले आहे त्या नाटकाला. मुखवटे परत आले नाहीत.

बाबा अंथरुणाला खिळल्यावर आईने देव खाली काढले. पलंगावरून सरळ दिसेल अशा भिंतीला देव्हारा लावला आणि विचारलं, “अहो, देव मांडू ना इथे? तुमची काही हरकत नाही ना?”

“नाही,” बाबा म्हणाले. मान जोरजोरात हलवत.

“बघ गं,” आई माझ्याकडे वळली. “नाही म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.”

ती बाबांना वेळेवर भरवायची, पुसायची, कूस बदलायची. एक जखम होऊ दिली नाही तिने अंगावर. आणि हे सगळं करताना ती त्यांच्या डोक्यावरून स्तोत्रं म्हणायची, सावकाश, स्पष्ट, एकही अक्षर न गाळता.

अशात आमच्या विंगच्या मीटर रूममध्ये आग लागली. पॅनल जळालं, वीज गेली आणि ती परत कोणी आणायची यावरून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मारामारी सुरू झाली. ए विंग म्हणे बी विंगचा खर्च आम्ही का द्यावा. दिवसामागून दिवस अंधारात गेले. लोक नातेवाइकांकडे राहायला गेले. आम्ही बाबांना हलवू शकत नव्हतो.

टाकीची मोटार बंद. माशांच्या श्वासासाठी मी सेलवर चालणारा छोटा पंप आणला, तो बुडबुडे सोडत राहिला. पण डबा कोरडा पडला होता, आणि बाबांची नजर डब्यावर होती. मला कळत होतं. हे मासे आता त्यांचं एकमेव चालू असलेलं भांडण होतं. काळा मासा मेला की इमारत म्हणणार की अखेर त्याने नेमून दिलेलं काम केलं, आणि त्यावर उत्तर द्यायला बाबांकडे एक शब्द होता.

मी प्लॅस्टिकचा मग हातात घेतला. टाकीतलं पाणी मगात भरायचं, डब्यात स्पंजावर सावकाश ओतायचं, ते गळून खाली पडलं की पुन्हा भरायचं. घरी असेन तोवर थोड्या थोड्या वेळाने हेच करायचं. हात भरून यायचे. मग स्पंज नाकाशी धरायचा. माठाचा वास. मग तो बाबांच्या नाकाशी. ते डोळे मिटून वास घ्यायचे, आणि त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा.

पण घरी वीज नाही तर घरून काम नाही. मला ऑफिसला जावं लागलं. आईला म्हटलं, “मी गेल्यावर तू ओतशील?”

“मी?” ती हसली. “तुमच्या जंतूंना मी आंघोळ घालू?”

“आई, प्लीज. थांबलं की मरतील.”

“घालते बाई. सगळ्यांना घालतेच आहे.”

संध्याकाळी मी परत आले तेव्हा जिन्यातच तिचा आवाज ऐकू आला. दारात उभी राहिले. टाकीच्या वर, पडद्याच्या दांडीला तीन साखळ्यांनी तिचं माहेरचं अभिषेकपात्र टांगलेलं होतं, तेच जे पिंडीवर टांगतात, तळाला बारीक छिद्र असलेलं. चिंच-मिठाने घासून त्याला नव्या नाण्यासारखं लख्ख केलं होतं. त्यातून पाण्याची बारीक धार बरोबर स्पंजाच्या मधोमध पडत होती. आई लोटीने टाकीतलं पाणी उचलून पात्रात घालत होती आणि रुद्र म्हणत होती. स्पंजावर एक जास्वंद होतं.

पलंगावर बाबा लालबुंद झाले होते. “नाही! नाही! नाही!”

“अहो, किती त्रास देवाच्या नावाचा,” आई मधेच थांबून म्हणाली. “तुमच्याच माशांसाठी चाललंय ना? का त्यांनीही तुमच्यासारखं तळमळत पडायचं?” आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे सुरू.

मी पुढे होऊन आधी ते फूल उचलून फेकलं. मग धारेकडे बघितलं. खरं सांगायचं तर ती माझ्या मगापेक्षा चांगली होती. मग ओतला की पाण्याचा लोंढा जायचा आणि मग काहीच नाही. ही धार न थांबता, बारीक, हवा घेत पडत होती. जंतूंना लागतं ते हेच. पात्र एकदा भरलं की बराच वेळ चालायचं. त्या घरात तेव्हा मिळण्यासारखा दुसरा चांगला फिल्टर नव्हता.

“राहू दे,” मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. डाव्या हाताने गादीवर थाप मारली. “नाही!”

मी त्यांच्याजवळ बसले आणि त्यांच्याच भाषेत त्यांना समजावलं. “बाबा, भांड्याला धर्म नसतो. वापरणाऱ्याला असतो. आपण ते यंत्र म्हणून वापरतोय. तुम्हीच लिहिलंय, साधन ज्याच्या हातात त्याचं.”

“नाही,” ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी आलं होतं. मी ते पुसलं आणि मला जरा रागच आला. इतकाही हट्ट बरा नाही असं वाटलं. आई गालात हसत होती. तिच्या नवऱ्याविरुद्ध मी तिची बाजू घेण्याची ती पहिली वेळ होती, आणि ती तिने मनापासून उपभोगली. नंतर तिने बेनना बोलावून धार दाखवली. बेननी हात जोडले, आणि फोनवर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला. नास्तिकाच्या घरी अभिषेक. हसण्याचे पिवळे चेहरे खाली ओळीने.

दुसऱ्या दिवशी गोगलगायी पडल्या. टाकीत काचेला चिकटून असायच्या बारीक बारीक, त्या तळाला उताण्या पडल्या होत्या. मी म्हटलं उपासमार असेल. तिसऱ्या दिवशी मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले, हवेचा पंप चालू असूनसुद्धा. मी स्पंज उचलून वास घेतला. माठाचा वास गेला होता. कुजका, नाल्यासारखा भपका आला. धार तर क्षणभरही थांबली नव्हती. मग जंतू मेले कसे?

मी पात्राखाली बोट धरलं. थेंब जिभेवर ठेवला. देवळातल्या तीर्थासारखी चव लागली.

ती चव मी ओळखते. आजोळी मिळायचं ते तीर्थ, बाबांना न सांगता प्यायचे. तांबं. चिंचेने नुकतं घासलेलं तांबं, आणि त्यातून तेच तेच पाणी दिवसभर फिरणारं. मग भाईंचं मनगट आठवलं, आणि बाबांचा ओढणारा हात. त्यांनी कड्याच्या श्रद्धेला हात लावलाच नव्हता. त्यांना पाण्यात तांबं नको होतं. आयुष्यभर धातूंत काम केलेला माणूस. गोगलगायी मारायला दुकानात मिळतं ते औषध तांब्याचंच असतं, हे नंतर मी वाचलं. ते त्यांना वाचायची गरज नव्हती.

आणि परवापासून ते पलंगावरून ओरडून हेच सांगत होते. आईला वाटलं देवाला नाही म्हणतायत. मलाही तेच वाटलं. माणूस वर्षानुवर्षं पत्रकं काढत राहिला की त्याने ‘गॅस बंद करा’ म्हटलं तरी घरच्यांना ती भूमिका वाटते.

मी पात्र साखळ्यांसकट खाली ओढलं, पडद्याची दांडीही आली. आई स्वयंपाकघरातून धावत आली. “अगं, काय करतेस? देवाचं आहे ते!”

“विष आहे. तांबं उतरलंय पाण्यात. सगळे जंतू मारलेस तू.”

“मी?” ती पात्र छातीशी धरून उभी राहिली. “‘राहू दे’ कोण म्हणालं?”

बाबांच्या तोंडातून आवाज आला. ते हसत होते. झटक्यानंतर ते पहिल्यांदाच हसले, अर्ध्या तोंडाने, आणि ते हसणं मला आईच्या सगळ्या स्तोत्रांपेक्षा जास्त लागलं.

वीज गेल्यापासून पाणी टँकरचं यायचं आणि त्याला ब्लीचिंगचा वास असायचा, म्हणून ते बादल्यांत उघडं ठेवून मग थोडं थोडं बदललं. प्लॅस्टिकच्या बाटलीला दाभणाने भोक पाडून ती टांगली. नळ्यांमधले थोडे जंतू वाचले असतील या आशेवर स्पंज टाकून दिला आणि नवा कोरा लावला. केशरी मासे तगले. त्यांना मरण नेमून दिलेलं नव्हतं, असं बेन म्हणाल्या असत्या. ज्या दुपारी वीज आली, पंखे फिरले आणि मोटारीने पहिली धार डब्यात टाकली, त्याच दुपारी काळा मासा कुशीवर झाला.

मी त्याला गुपचूप उचलून न्यायला हवं होतं, तसाच दुसरा आणायला हवा होता. विचार आला होता मनात. पण खोटं बोलून जिंकलेलं भांडण बाबांनी घेतलं नसतं. आणि आईने आधीच बघितलं होतं.

ती बाबांच्या पलंगाशी गेली. त्यांचा निर्जीव हात हातात घेतला. “गेला हो तो,” ती म्हणाली. आवाज गोड होता. “तुमची पीडा घेऊन गेला. आता तुम्ही उठणार बघा. तुम्हाला नकोच होतं ना, पण तो करून गेला त्याचं काम.”

“नाही,” बाबा म्हणाले.

“होणार, होणार.”

तिने पेढे आणले. मी थांबवेपर्यंत तिचे दोन-तीन मजले वाटून झाले होते. लोक अभिनंदन करायला आले. ज्या दारांखालून बाबांची पत्रकं गेली होती त्याच दारांतून ते आले, पलंगाभोवती उभे राहिले. भाईंनी कड्याचा हात बाबांच्या कपाळावर ठेवला. “अब देखना भाईसाब, महिने में चलोगे.” बाबा नाही नाही म्हणत राहिले. कोणीतरी लाडाने म्हणालं, “अजूनही नाहीच म्हणतायत.” आईने पेढ्याचा कण त्यांच्या तोंडात सरकवला. तो त्यांनी जिभेने बाहेर ढकलला. तो तिने पुन्हा आत सरकवला.

नंतरच्या दिवसांत ती रोज बाबांच्या उजव्या हाताकडे बघायची. व्यायाम करून घेणारी मुलगी यायची, बोटं दुमडायची, सरळ करायची. “जोर लावा आजोबा.” काही नाही. हात ओल्या कपड्यासारखा. ती मुलगी म्हणाली, “खरं म्हणजे यायला हवं होतं एव्हाना. डॉक्टरही म्हणाले होते.” बेन विचारून विचारून थकल्या. आईने आणखी एक नवस बोलला, मग आणखी एक. तिचा गोड आवाज हळूहळू उतरला. सूड वगैरे होता तो होता, पण तिला तो हात खरंच हवा होता, हे मला तेव्हा दिसलं. रात्रंदिवस तो देह एकटीने उचलणारी तीच होती.

नव्या स्पंजावर हळूहळू तपकिरी रंग धरत होता. एका दुपारी आई दुकानात गेलेली असताना मी मोटार बंद करून तो डब्यातून काढला, वास घेतला आणि बाबांच्या नाकाशी धरला. माठाचा वास, अगदी पुसट. त्यांनी डोळे मिटले. मग पांघरुणाखालून त्यांचा उजवा हात बाहेर आला. सावकाश, थरथरत, पण आला. अंगठा आणि दोन बोटांनी त्यांनी स्पंज दाबला. तपकिरी पाणी त्यांच्या मनगटावरून चादरीवर ओघळलं.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. किती दिवसांपासून हे येत होतं कोण जाणे. त्या मुलीसमोर, आईसमोर, भाईंसमोर त्यांनी तो हात मेलेला ठेवला होता, कारण तो हलला असता तर तो माशाने हलवला असता. कोणी म्हणेल हा वेडेपणा आहे. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. हात त्यांचा होता, आणि त्याचं श्रेय दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही एवढाच अधिकार त्यांच्यापाशी उरला होता.

किल्लीचा आवाज आला. हात पांघरुणात गेला.

आईने पिशवी खाली ठेवली. चादरीवरचा ओला डाग बघितला, माझ्या हातातला स्पंज बघितला. ती दार लावून आली, माझ्यासमोर खुर्चीवर बसली. चप्पल पायातच होती.

“खरं सांग,” ती म्हणाली. “कोणी नाहीये इथे. मी कोणाला सांगणार नाही, पेढे वाटणार नाही. हलतो का गं हात त्यांचा?”

बाबा छताकडे बघत होते.

“नाही,” मी म्हटलं.

तिने मान डोलावली. गुडघ्यांवर हात टेकून उठली, चादरीचा ओला भाग चाचपला आणि बाबांना कुशीवर वळवण्यासाठी त्यांच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. त्यांचं सगळं वजन तिने नेहमीसारखं अंगावर घेतलं. मी स्पंज डब्यात ठेवला आणि मोटार चालू केली.